रॉकेलवर लावलेलं इंजिन

आमच्या दारात एक जुनाट व्हॅन उभी असायची आणि तिला रॉकेलचा वास यायचा. लाजेचं काय ते आधीच सांगून मोकळी होते. दुष्काळ सरत होता आणि पेट्रोलचा भाव भडकला होता. आमचे हे त्या गाडीतून चादरींचे गठ्ठे बार्शीला पोचवायचे, बाजाराच्या दिवशी मंद्रूपची माणसं ने-आण करायचे. पेट्रोलवर ते जमेना, म्हणून चार गाडीवाले करत होते तेच यांनीही केलं. इंजिन पेट्रोलवर चालू करायचं आणि तापलं की कॉक फिरवून रॉकेलवर सोडायचं.

त्यासाठी इंजिन आधी तसं लावून घ्यावं लागतं. ठिणगी जरा उशिरा पडायला हवी, नाहीतर डब्यात खडे घालून हलवल्यासारखे आतून ठोके बसतात. हे सगळं मला यांनीच समजावलं होतं, जेवताना, अगदी कौतुकानं. मी म्हटलं, कौतुक पुरे, रॉकेल कार्डावर मिळतं ते स्टोव्हसाठी, पोलिसानं वास घेतला तर गाडी जाईल आणि आपण हात हलवत बसू. यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि कालवणात बुडवला. लग्न झाल्यापासून तेवढं एक उत्तर मला मिळत आलंय.

शेजारी अक्का राहायची. तेलुगू बोलणारं विणकराचं घर, नवरा-मुलगे मागावर, आणि हिची जीभ मागाच्या धोट्यापेक्षा जोरात चालायची. एकदा नळावर सगळ्या बायकांदेखत तिनं नाकाला पदर लावला आणि म्हणाली, “काय गं, तुमची गाडी स्टोव्हवर शिजतीय का काय?”

बायका खो खो हसल्या. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

“आमच्या गाडीत पेट्रोलच असतंय,” मी छाती काढून सांगितलं. “तुमच्या नाकालाच काहीतरी झालंय, दाखवून घ्या.” घागर उचलली आणि तरातरा घरी आले. त्या दिवसापासून अक्काशी बोलणं बंद.

संध्याकाळी यांना सांगितलं, या घरात एकतर रॉकेलची गाडी राहील नाहीतर मी. हे बिचारे सुट्टीच्या दिवशी बनियनवर गाडीखाली शिरले. प्लग काढून पॉलिश पेपरनं घासले, पॉइंट साफ केले, कार्ब्युरेटर माझ्या पितळी परातीत खोलून बसले. टायमिंग पुन्हा पेट्रोलचं लावलं. टाकीत उरलेलं रॉकेल ज्या गाडीवाल्याकडनं आणलं होतं त्याला मी परत करायला लावलं, थेंब ठेवू दिला नाही. इंजिन असं मऊ चालायला लागलं की मी मुद्दाम दारात जाऊन उभी राहिले. ऐक म्हणावं अक्का, ऐक!

माझी ही ऐट पुरती मिरवूनही झाली नाही, तोच पेट्रोल पंपावर ‘पेट्रोल नाही’ अशी पाटी लागली. गाडी दारात बसली. घरात पेट्रोल उरलं ते एका बाटलीत.

तशातच एका दुपारी अक्काच्या लेकीला कळा सुरू झाल्या. पहिलं बाळंतपण, माहेरी आलेली. सुईणीनं पोट चाचपलं आणि म्हणाली, बाळ आडवं हाय, हितं थांबू नका, मोठ्या दवाखान्यात न्या. अक्काचा मुलगा टांगा बघायला पळाला तो येईना. मग अक्का आमच्या दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडं बघितलंही नाही.

“गाडी काढ रे बाबा,” ती यांना म्हणाली.

“अक्का, पेट्रोल न्हाय. बाटलीच्या तळाला हाय तेवढ्यात चौकापर्यंतसुद्धा पोचायचं न्हाय.”

“मग रॉकेलवर लाव की. लावत होतास तसं.”

यांनी माझ्याकडं बघितलं. सगळी गल्ली गोळा झालेली. मी मान खाली घातली. तेवढ्यात हे पुटपुटले, “घरात थेंबसुद्धा न्हाय, स्टोव्हबी कोरडा हाय.”

अक्का वळली, घरात गेली आणि स्टोव्ह घेऊन बाहेर आली. त्याची टाकी उघडून एका रिकाम्या बाटलीत उपडी केली. ते बघून दुसरी बाई घरात गेली, तिसरी गेली. महिनाअखेर होती. कार्डावरचं रॉकेल यायला अवकाश होता, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. नळावर माझ्यावर हसलेल्या त्या बायका आपापल्या बाटल्या आमच्या गाडीत ओतत होत्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

हे बॉनेट उघडून वाकले. गाडीत आणून निजवलेली ती पोर कण्हत होती आणि हे इंजिन पुन्हा रॉकेलवर लावत होते, नट सैल कर, जरा मागं फिरव, घट्ट कर. सगळ्या गल्लीला दिसत होतं की हात किती सरावलेला आहे. इंजिन बाटलीतल्या पेट्रोलवर सुरू झालं, तापलं, यांनी कॉक फिरवला आणि पांढरा धूर भसाभसा बाहेर आला. एकीनंही नाकाला पदर लावला नाही. अक्का, लेक आणि सुईण यांना घेऊन गाडी गेली.

दिवेलागणीला गाडी परत आली. अक्का उतरली.

“मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत,” ती म्हणाली आणि आमच्याच पायरीवर बसली.

मग यांनी सांगितलं. चौकात पोलिसानं गाडी अडवली होती. वास घेत खिडकीशी आला, रॉकेल कुठनं आलं म्हणाला. तेवढ्यात मागनं अक्का ओरडली, “साहेब, स्टोव्ह भरताना पोरीला कळा आल्या, सगळं माझ्या अंगावर सांडलं!” पोलिसानं आत वाकून बघितलं. तिचा पदर चिंब होता. त्यानं हात केला, जा म्हणाला.

“खरंच सांडलं होतं?” मी विचारलं. इतक्या दिवसांनी तिच्याशी बोललेला माझा तो पहिला शब्द.

“अय्यो, सांडतंय कुठलं! एक बाटली ओतायची राह्यली होती, पोलीस दिसला तशी ती पदरावर ओतली की. खोटं बोलायचं तर नीट बोलावं.”

लेकीच्या बाळंतपणासाठी घडी मोडलेलं नवं इरकली लुगडं होतं ते. मी तिच्या पायाशी बसले आणि तिचा अजून ओला असलेला पदर पिळायला लागले.