चादरीवरची लेकरं

तापलेल्या बल्बवर धूळ जळाल्याचा वास आला की लातूरचं आमचं चर्च आठवतं. किनवटच्या जंगलात मिशनचं वसतिगृह चालवणारे पप्पा दोन वर्षांनी रजेवर आले होते, आणि रोज संध्याकाळी मंडळीला प्रोजेक्टरवर तिथल्या स्लाइड दाखवत होते. भूकंपाने भेगाळलेल्या भिंतीवर चादर बांधलेली. तिच्यावर एकेक पोरगी उमटायची. पप्पा तिचं नाव, गाव, इयत्ता सांगायचे, कुणाला गणित जमत नाही तेसुद्धा. ‘ही समदी माझीच लेकरं हायेत,’ ते म्हणाले, तशा बाया डोळे पुसायला लागल्या. घरी जाताना, कोचिंग क्लासच्या पाट्यांखालून चालत, त्यांनी मला विचारलं, ‘तू कितवीला हायेस गं आता?’ मी बारावीला होते. मुद्दाम दहावी सांगितली. ‘प्रभूचे उपकार,’ पप्पा म्हणाले. त्या खोट्याची क्षमा मी अजून मागितलेली नाही.