वाघजाईचा उजवा कौल

टाकव्याची डांबरी सडक मागं पडून बराच वेळ झाला होता. चिमाबाई पुढं आणि राजेश्वरी मागं, अशा दोघी पायवाटेनं चढत होत्या. चैत्राचं ऊन मी म्हणत होतं. चिमाबाईच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर नैवेद्याचा डबा.

"मावशी, द्या तो डबा. मी धरते थोडा वेळ."

"तुज्याच्यानं तुजी पर्स संबाळंना. चल गुमान."

राजेश्वरी लोणावळ्याला बालवाडीत शिकवायची. तिची आई चिमाबाईच्याच वाडीतली, म्हणून हे मावशीपण. भजनी मंडळाच्या अंकात तिला गोऱ्या पलटणीच्या जुन्या क्यांपावर लिहायचं होतं, आणि क्यांपाबद्दल विचारावं असं चिमाबाईशिवाय माणूसच उरलं नव्हतं.

करवंदीच्या जाळ्यांतून सिमेंटची जोती दिसायला लागली. चिमाबाई घर दाखवावं तशी दाखवत चालली. "ही बराक. तितं गोऱ्यांचा भटारखाना. ह्या कड्यांना खेचरं बांधायचे."

तिनं स्वतः यातलं काही पाहिलं नव्हतं. इंग्रज-जर्मनांची लढाई संपल्यावर ती जन्मली. पण आई तिला कडेवर घेऊन इथं यायची आणि दर खेपेला सगळं पहिल्यापासून सांगायची.

ती मोठी लढाई चालू असताना पलटणीच्या क्यांपासाठी वाडी उठवली. साहेबानं दुभाष्याकरवी शब्द दिला, लढाई संपली की जमीन तुमची तुम्हाला. माणसांनी चुली मोडल्या, वासे काढून नेले, गुरं हाकली. वाघजाईचा तांदळा, उंबराखालचा शेंदरी दगड, मात्र कुणी हलवला नाही. देव उचलला की गाव उठलं, असं तिकडं मानतात. देव जागेवर आहे तोवर आपण नुसते बाहेर गेलेलो. मग वर्षातून एकदा, चैत्री पुनवेला, पहारेकरी बायकांना नैवेद्यापुरतं आत सोडायचा.

लढाई संपली. पलटणी गेल्या, पत्रे गेले, जोती राहिली. जमीन काही परत आली नाही. ती कुणाकडून कुणाकडं गेली आणि शेवटी मुंबईच्या बंगलेवाल्याच्या हाती कशी पडली, हे वाडीतल्या कुणालाच उमगलं नाही. चिमाबाईचा बाप मरताना दोघा लेकरांना एवढंच म्हणाला, "वाघजाईआईला हलू देऊ नका."

"साहेबानं फसवलं म्हणायचं," राजेश्वरी म्हणाली.

"साहेब काय, आला तसा गेला. त्यो कुटं आमच्या ताटात जेवला व्हता?"

उंबराखाली पोचल्यावर चिमाबाईनं डबा उतरवला. राजेश्वरीनं हात जोडले आणि ते तसेच राहिले. उंबराच्या बुडाशी नुसता खड्डा होता. कडेच्या दगडावर शेंदराचा ओघळ वाळलेला.

"मावशी, देवी कुठंय?"

"खाली बंगलेवाल्याच्या गेटापाशी नवं देऊळ बगितलंस न्हवं? तितं. फरशीवर बसवलीया."

"मग आपण इथं का आलो?"

चिमाबाई मुळीवर टेकली आणि सांगू लागली. माघात तिचा पाठचा भाऊ परंदवडीला तिच्या सासरी आला होता. तोंड उतरलेलं. अक्का, पोटात गाठ निघाली, डाक्टर कापायचं म्हणतोय, आईला विचार, म्हणाला. कौल लावायचा तो माहेरवाशिणीनंच. तांदळ्याच्या दोन्ही अंगांना ओलं फूल चिकटवायचं, प्रश्न मनातल्या मनात घालायचा. उजवं पडलं तर होकार. प्रश्न काय होता ते कुणी विचारायचं नाही, लावणारीनं सांगायचं नाही.

ती आली. भावकीतली चार माणसंही आली. तिला वाटलं, काळजीपोटी आली असतील. पदर पसरून तिनं मागितलं, माझ्या भावाला सुखरूप ठेव. उजवं फूल पदरात पडलं. ती रडली. भाऊ तिच्या पाया पडला.

आठवड्यानं ती अंगारा घेऊन त्याला बघायला गेली, तर हा नवा फेटा बांधून गेटापाशी उभा. आईला उचलून आणलेलं. माहेरवाशिणीनं आईला हलवायचा कौल लावला, उजवा झाला, चौघं साक्षी आहेत, असं गावाला सांगून मोकळा. जागा मोकळी झाली म्हणून बंगलेवाल्यानं त्याला देवळाचा अध्यक्ष केला होता आणि पोराला गेटावर सुपरवायझर.

"आणि ऑपरेशन?"

"कसलं आप्रेशन! पेढं खात व्हता."

"तुम्ही चार लोकांत सांगायचं ना, की मी हे मागितलंच नव्हतं!"

"सांगाया गेले की. म्हनला, अक्का, मनातला कौल भाईर बोलू नये. पाप लागतं." चिमाबाई हसल्यासारखं करून खड्ड्याकडं बघत राहिली. "आता आमी उठलो बग. गोऱ्यांनी उठवलं न्हवतं, ते ह्यानं उठवलं. माज्याच हातानं. पर मला रात्रंदिस एकच लागून ऱ्हायलंय. आईला तर ठावं व्हतं त्याला कायबी झालं न्हाई. मंग तिनं उजवा का दिला?"

राजेश्वरी तिच्याशेजारी मुळीवर बसली. मग ती हळूच म्हणाली, "तुम्ही भाऊ सुखरूप मागितला. तो सुखरूप आहे, मावशी."

चिमाबाईनं डोळ्याला पदर लावला. "व्हय. तिनं तिचं पाळलं."

तिनं डबा उघडला. पोळीवर दहीभात ठेवून नैवेद्य खड्ड्याच्या कडेला मांडला, पाणी फिरवलं, भुईला डोकं टेकलं. राजेश्वरीही टेकली. उठताना चिमाबाईनं तिचं मनगट धरलं आणि उभं राहिल्यावरही सोडलं नाही.

"तू लिवनार हाईस न्हवं? लिव्ह. साहेबाचं लिव्ह, कौलाचं लिव्ह, माजा येडेपना बी लिव्ह. पर माज्या भावाचं नाव तेवडं घालू नगंस बाई. त्याची नात लगनाची हाय. देव उचलनाऱ्याच्या घरची म्हनून पोरीला कुनी नाकारायला नगं."