तुळईखाली बोललेलं

निमगाव केतकीच्या गेणबाच्या बापाने जन्मभर मेंढरं राखली, पण गेणबाने काठी टाकून थापी धरली आणि गवंडी म्हणून नाव कमावलं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर तुळयांवर माती थापलेल्या माळवदाच्या जुन्या घरांत झोपायची लोकांना धास्तीच बसली. किल्लारी लांब खरं, पण हादरा इकडच्या फडताळातल्या भांड्यांनाही कळला होता. जो तो म्हणे, "आबा, आमचं घर बघून जावा."

घर बघायची रीत ठरलेली होती. गवंड्याने भिंती ठोकायच्या, तुळया न्याहाळायच्या, आणि काहीही दिसलं तरी आत "घर चांगलं हाय" एवढंच म्हणून चहा प्यायचा. मग मालकाला बाहेर झाडाखाली नेऊन खरं काय ते सांगायचं. छपराखाली वाईट बोललं की वास्तू तथास्तु म्हणते, ही समजूत गेणबाच्या हाडीमासी खिळलेली.

त्या हिवाळ्यात इंदापूरच्या कचेरीत गवंड्यांची बैठक झाली. नवा नियम घाटत होता. दोष दिसला की तिथंच, घरात, बायामाणसांसकट सगळ्यांसमोर सांगायचा. गेणबा उठला.

"साहेब, हे जमायचं न्हाय. कुणाच्या घरात उभं राहून त्येचं वंगाळ बोलणं म्हंजे शाप देणंच हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबाने विचारलं, "आणि मालक घरी नसला तर?"

"येस्तवर थांबायचं," गेणबा म्हणाला आणि ऐटीत खाली बसला. साहेबाने विषय पुढच्या बैठकीवर ढकलला.

थोड्याच दिवसांत गेणबा लेकीला, बनाला, पहिल्या बाळंतपणासाठी आणायला डाळजला गेला. व्याही आणि जावई बैलगाडी घेऊन माळेगावच्या साखर कारखान्यावर ऊस वाहायला गेलेले. हंगाम संपेपर्यंत येणार नव्हते. घरी विहीण साखरबाई तेवढी होती. बना गाठोडं बांधत होती, तोवर गेणबाने सवयीने माजघराची तुळई ठोकली. आवाज पोकळ आला. भिंतीत शिरलेलं टोक वाळवीने पार खाल्लं होतं, आणि बरोबर खाली साखरबाईचं अंथरूण होतं.

"काय पाव्हणं, कसं हाय आमचं घर?" साखरबाईने चहा पुढे केला.

"चांगलं हाय," गेणबा म्हणाला. चहा काही त्याला गोड लागला नाही.

हमरस्त्यावर एसटीची वाट बघताना बना म्हणाली, "आबा, तुळई ठोकल्यापास्नं तुमी गप हाय."

त्याने सांगून टाकलं.

"आन् आत्याबाईंना न्हाय सांगितलं?"

"विहिणीला झाडाखाली कसं बोलवू? आन् आत बोलायचं न्हाय. व्याही आलं की सांगीन."

"तवर त्या तितंच झोपणार व्हय?" बना गाठोड्यावर बसली ती बसलीच. एसटी आली, कंडक्टर ओरडला, एसटी गेली. लेक हलेना.

शेवटी गेणबा एकटाच माघारी फिरला. उंबरा ओलांडून तो तुळईखाली उभा राहिला.

"विहीणबाई, ही तुळई आतनं सडली हाय. कवा बी पडंल. हितं झोपू नगा."

साखरबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. "माझ्या घरात उभं राहून माझ्या घराचं मरण बोलता? निघा!"

तो निघाला. तिने दिवसभर त्याच्या नावाने बोटं मोडली, पण सांजेला अंथरूण उचलून गोठ्यात नेलं.

माघात तुळई पडली. माजघर माळवदाच्या मातीखाली गाडलं गेलं. गोठ्यातल्या साखरबाईला खरचटलंही नाही. पण चहूकडे एकच बोललं जाऊ लागलं, की गेणबा आत बोलला म्हणून घर पडलं. निमगावातही त्याला घर बघायला कुणी बोलावेना. हे त्याला फार लागलं. इतक्या वर्षांचं नाव, पण लोक त्याला दारात बघून कडी लावू लागले.

नातवाच्या बारशाला साखरबाई आली, पण त्याच्या घरात पाऊल टाकेना. अंगणातच नातू मांडीवर घेऊन सगळ्यांदेखत कडाडली, "तुमी बोललासा म्हणून पडलं माझं घर!"

बाळ तिची माळ ओढत होतं. गेणबा दोघांकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले.

"व्हय, विहीणबाई," तो म्हणाला.

पुढच्या बैठकीत साहेबाने विषय काढताच गेणबा उठला. या वेळी कुणी मान डोलावली नाही.

"करा तुमचा नियम, साहेब. आत सांगितलं की माणसं शिव्या देत्यात, दारात उभं करत न्हाईत. पण शिव्या द्यायला ती जित्ती असत्यात."