वर न गेलेला हात

ताईचा उजवा खांदा कित्येक वर्षं दुखतोय. काल तिच्याबरोबर फिजिओथेरपीला गेले. तिथल्या बाई म्हणाल्या, "डोळे मिटा आणि दोन्ही हात सरळ वर करा."

ताईनं हात उचलले. डावा कानाला टेकला. उजवा मात्र खांद्याच्या रेषेतच वाकडा होऊन थांबला.

"गेले दोन्ही वर?"

"गेले की!" ताई अगदी सहज म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी तो हात वरच होता.

"उघडा डोळे."

समोरच्या आरशात पाहताच ताईचा चेहरा पांढराफटक पडला. "हा माझा हात?"

"दुखेल म्हणून जपता जपता हात कुठवर गेलाय, हेच शरीराला नीट कळेनासं झालंय," बाई म्हणाल्या. "शिकवू परत."

दुखणं सोसायचं असतं, एवढंच मला ठाऊक होतं. ते माणसाला त्याच्याच हाताचा पत्ता लागू देत नाही, हे काल पाहिलं. लहानपणी याच हातानं मला विहिरीत पोहताना तोलून धरलं होतं.

परतताना रिक्षात ताईचं लक्ष उजव्या हाताकडेच होतं. परक्या कुणाचा हात हाती घ्यावा, तशी ती स्वतःची बोटं चाचपत होती.