कोटातला यादगिरी अन्ना

रवलीने यादगिरी अन्नाला पहिल्यांदा पाहिलं ते मे महिन्यातल्या भर दुपारी. करीमनगरचं ऊन असं होतं की कॉलेजच्या आवारातली कुत्री सावलीसाठी एकमेकांच्या अंगाखाली शिरत होती, पंखे गरम हवा फेकून फेकून स्वतःच दमले होते आणि कँटीनवाल्याने वडे बाहेर मांडले असते तर ते आपोआप तळून निघाले असते. अशा वेळी हा गृहस्थ काळा कोट, पांढरा शर्ट आणि लाल टाय घालून कँटीनच्या भिंतीपाशी उभा होता. कमरेच्या वर तो एखाद्या परदेशी कंपनीचा उपाध्यक्ष होता. कमरेच्या खाली निळ्या चौकटींची लुंगी आणि रबरी चपला. मागे दोन पोरांनी वसतिगृहाची चादर ताणून धरली होती, तिसरा मोबाइल घेऊन गुडघ्यावर बसला होता, आणि उपाध्यक्षांच्या कपाळावरून घाम असा वाहत होता की मानेर धरणाने दोन दरवाजे उघडावेत.

"चेल्ले!" त्याने रवलीला हाक मारली. ओळख ना पाळख, एकदम धाकटी बहीण. "ते स्टीलचं ताट घे आणि उन्हाची तिरीप माझ्या डाव्या गालावर पाड. माझं नेतृत्व अंधारात जातंय."

रवलीचं पहिलं वर्ष तेव्हा संपत आलं होतं. वर्गात हजेरी देतानाही तिचा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे, त्यामुळे नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता. तिने ताट धरलं. फोटो निघाला. अन्नाने तो बघितला, समाधानाने मान डोलावली आणि कोट काढून पुढच्या पोराला दिला. कारण कोट एकट्याचा नव्हता. तो सगळ्या वसतिगृहाचा होता. लिंक्डइनवर त्या एका कोटातून निरनिराळी मुंडकी बाहेर आली होती. हैदराबादच्या एका बाईंनी म्हणे दोन पोरांना विचारलंही होतं, तुम्ही सख्खे भाऊ का?

यादगिरी त्या कॉलेजात प्रसिद्ध होता. अभ्यासात तो मधल्या रांगेतला. पण लिंक्डइनवर त्याच्यामागे एवढे लोक होते की त्याच्या गावात तेवढे मतदारही नसावेत. रोज सकाळी दात घासायच्या आधी तो काहीतरी लिही आणि त्यातून धडा काढी. धडा निघणार नाही अशी घटना त्याच्या आयुष्यात घडतच नसे. मेसमध्ये सांबार संपलं, तर पुरवठ्याच्या नियोजनाबद्दल धडा. बस चुकली, तर संधीबद्दल. वॉर्डनने सगळ्यांसमोर झापलं, तर टीका कशी स्वीकारावी याबद्दल, आणि खाली वॉर्डनचे जाहीर आभार. वॉर्डन त्यानंतर महिनाभर त्याला काही बोलले नाहीत. बोललो तर पुन्हा आपल्यावर छापून येईल, ही धास्ती.

या सगळ्याला टाळ्या लागतात, म्हणून एक व्हॉट्सअॅप गट होता. नाव 'चप्पट्लु', म्हणजे टाळ्याच. गटातल्या कुणीही काही लिहिलं की बाकीच्यांनी हातातलं काम टाकून धावत जायचं आणि खाली 'प्रेरणादायी' असं लिहून यायचं. परीक्षेच्या हॉलबाहेर, न्हाव्याच्या खुर्चीत, एकदा तर एका पोराने आत्याच्या लग्नात अक्षता टाकता टाकता हे कर्तव्य बजावलं होतं.

रवलीला अन्नाने गटात घेतलं आणि पंधरवड्यात तिला बढती मिळाली. ती जम्मिकुंटाच्या कॉन्व्हेंटात शिकलेली. तिचं इंग्रजी अन्नाच्या इंग्रजीहून बरं. तो तेलुगूत बोलायचा, ती इंग्रजीत लिहायची.

"अन्ना, पण सांबार संपलं तेव्हा तुम्ही तर आचाऱ्याशी भांडत होता," ती एकदा म्हणाली.

"ते भांडण नव्हतं, चेल्ले. तो संवाद होता. लिही."

हसण्यासारखं हे सगळं होतंच. पण त्यात एक गोष्ट खरी होती, आणि रवली ती कधी नाकारणार नाही. अन्नाने तिचंही खातं उघडून दिलं होतं. लॅबमध्ये तिचं सर्किट तीन वेळा जळलं, ते कसं जळलं एवढंच तिने साधेपणाने लिहिलं. धडा सुचला नाही म्हणून काढला नाही. चेन्नईच्या कुणा अनोळखी इंजिनिअर बाईंनी खाली सविस्तर समजावून सांगितलं की चूक कुठे होती. त्या बाईंना ती पुढेही विचारत राहिली. वर्गात जिचा आवाज फुटत नव्हता ती पोरगी परक्या शहरातल्या माणसांना प्रश्न विचारू लागली, आणि माणसं उत्तरं देऊ लागली. तिच्यामागे लोक वाढले तसा अन्ना स्वतःचे वाढल्यासारखा कँटीनभर मिरवला. हेवा म्हणून काही असतो हे त्याला माहीत नव्हतं. धाकट्या पोरांच्या मुलाखती असल्या की हा सकाळी उठून त्यांचे टाय बांधून द्यायचा, बसस्टँडपर्यंत सोडायला जायचा.

त्याची स्वतःची पाळी आली तेव्हा मात्र गाडी अडली. शेवटच्या वर्षी कंपन्या कॉलेजात येऊ लागल्या. लेखी परीक्षा तो पास व्हायचा आणि मुलाखतीत पडायचा. समोरचा विचारी, प्रकल्पात तुम्ही नेमकं काय केलंत? यादगिरी सांगे की त्या प्रवासाने मला माणूस म्हणून घडवलं. समोरचा म्हणे, ते ठीक, पण मोटार कुठली वापरली? यादगिरी संघभावनेबद्दल बोले. तो टाळत नव्हता. एवढी वर्षं तसंच बोलून त्याला दुसरं बोलणं सुचेनासं झालं होतं. तिसऱ्या मुलाखतीनंतर तो दोन दिवस खोलीतून बाहेर आला नाही, आणि त्या दोन दिवसांत त्याने काही लिहिलंही नाही. रवलीला पहिल्यांदा काळजी वाटली ती तेव्हा.

मग हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीने कॉलेजाकॉलेजांत विद्यार्थी प्रतिनिधी नेमले. कंपनीचं नाव इथे घेण्यात अर्थ नाही, तिचा यात काही दोष नव्हता. काम एवढंच, की त्यांच्या स्पर्धांची पत्रकं भिंतींवर चिकटवायची आणि गटागटांत पाठवायची. पगार नाही, एक प्रमाणपत्र आणि एक टी-शर्ट. यादगिरीची निवड झाली. रवलीने त्याच्या प्रोफाइलवर नवीन जागा भरली.

"चेल्ले, ते 'विद्यार्थी' काढ. नुसतं प्रतिनिधी पुरे. आटोपशीर दिसतं."

तिने काढलं. वर चार ओळी लिहिल्या: नव्या कंपनीत रुजू होताना मनापासून आनंद होत आहे. 'चप्पट्लु' धावून आलं. प्रेरणादायी, प्रेरणादायी, प्रेरणादायी.

यादगिरीचे वडील, ओदेलू, बस कंडक्टर होते. आयुष्यभर एकाच मार्गावर, करीमनगर ते त्यांचं गाव नागुलपेटा आणि त्याच्यापुढे थोडं. त्यांच्या डेपोतल्या एका मेकॅनिकच्या पोराच्या मोबाइलवर सूचना आली, की यादगिरी नव्या नोकरीवर रुजू झाला, त्याचं अभिनंदन करा. पोराने कंपनीचं नाव वाचलं आणि ओरडत डेपोभर पळाला. चहाच्या वेळेपर्यंत ओदेलूंच्या गळ्यात झेंडूची माळ होती. दुसऱ्या दिवशी नागुलपेटाच्या चौकात फ्लेक्स लागला. आता तिथे कुणाची म्हैस दोन वेळा व्याली तरी फ्लेक्स लागतो, हे तर नोकरीचं काम. मधोमध कोटातला यादगिरी, वर कंपनीचं चिन्ह, खाली सरपंच, युनियनचे पुढारी, डेपोतली सगळी मंडळी, आणि कोपऱ्यात, टोपी घातलेले ओदेलू.

यादगिरीने वडिलांना फोन केला. रवली शेजारीच होती.

"बापू, ते तसं नाही..."

"माहीत आहे रे! तू स्वतः येऊन सांगणार होतास. आम्हाला आधी कळलं म्हणून रुसू नको. रविवारी दावत ठेवलीय. बोकड ठरवलाय. मित्रांना घेऊन ये."

फोन ठेवून तो म्हणाला, "समोरासमोर सांगतो. फोनवर बरं नाही दिसत."

रविवारी पाचसहाजण निघाले. ओदेलूंची रजा होती, पण पाहुण्यांना आणायला ते डेपोत आले आणि सवयीप्रमाणे अख्खी बस फिरून प्रत्येकाला सांगून आले, माझा मुलगा, हा, खिडकीपाशी. एका म्हातारीने उठून यादगिरीच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. चौकात बस थांबली. फ्लेक्सवरचा यादगिरी खालच्या यादगिरीपेक्षा चौपट मोठा होता.

"अन्ना, आता सांगा," रवली कुजबुजली.

"जेवणं होऊ देत."

अंगणात मांडव होता. बगारा भाताचा वास गल्लीभर पसरला होता. पहिली पंगत बसायच्या आधी यादगिरीच्या मामाने फर्मान काढलं, "ए साहेब, दोन शब्द बोल! पोरांना कळू दे, नोकरी कशी लागते ते." यादगिरी उभा राहिला. त्याने वडिलांकडे पाहिलं. रवलीला वाटलं, आता सांगतोय. त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "या प्रवासाने मला तीन गोष्टी शिकवल्या." तिसरी गोष्ट सांगताना त्याचा आवाज कापला. लोकांना वाटलं, गहिवरला. टाळ्या पडल्या.

तो खाली बसला नाही. रवलीला हाताने खुणावत घराच्या मागच्या बाजूला गेला.

"सुचलं," तो म्हणाला. चेहरा पांढरा पडला होता. "चेल्ले, महिन्याभराने तू लिही, की नोकरी सोडली. स्वतःचा उद्योग उभारायला सोडली. असं पुष्कळ जण लिहितात. लोक उलट मान देतात. मग बापूलाही काही वाटणार नाही."

रवलीच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तिला एकदम फार दमल्यासारखं झालं. दोन वर्षं ती या माणसाच्या तोंडचं लिहीत आली होती. भांडणाचा संवाद केला होता, अपमानाचा धडा केला होता, आणि 'विद्यार्थी' हा शब्दही तिच्याच बोटांनी गेला होता. हेही लिहिता आलं असतं. फार छान लिहिता आलं असतं, आणि तिला त्याचीच भीती वाटली.

"अन्ना," ती म्हणाली, "बापू इंग्रजी वाचत नाहीत."

त्याने तिच्या हातातला तांब्या घेऊन तोंडावर पाणी मारलं. मग चुलाण्याकडे गेला. ओदेलू तिथे एकटेच, बाह्या सरसावून, मोठ्या पातेल्यातलं मटण डावाने हलवत होते.

"बापू, नोकरी लागलेली नाही."

डाव फिरत राहिला.

"मग कंपनीत कुठे बसतोस?"

"कुठेच नाही. कॉलेजात त्यांची पत्रकं चिकटवतो."

"पगार?"

"नाही."

"काहीच देत नाहीत?"

"टी-शर्ट दिलाय."

ओदेलूंनी डाव पातेल्याच्या काठावर आपटून झटकला. खालचं एक लाकूड ओढून जाळ कमी केला. मुलाकडे त्यांनी पाहिलं नाही.

"लोक बसलेत," ते म्हणाले. "वाढायला घे. बोकड काही आता उठून उभा राहायचा नाही."

यादगिरीने वाढलं. शेवटच्या पंगतीपर्यंत, प्रत्येक ताटात, वाकून वाकून.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने सगळे परत निघाले. ओदेलू कामावर होते. पहिल्याच थांब्यावर चढलेल्या माणसाने त्यांचा हात धरून हलवला, "काय ओदेलू, पोराने नाव काढलं!" ओदेलूंनी यंत्रातून त्याचं तिकीट फाडलं आणि नेहमीच्या, थांब्याची नावं पुकारायच्या आवाजात म्हणाले, "नाही, लागलेली नाही अजून. आमची समजण्यात चूक झाली." पुढच्या थांब्यावर मास्तर चढले, त्यांनाही तेच. मग बियाणं घेऊन चाललेल्या दोघी, मग दूधवाला. कुणी विचारलं नाही तरी, ज्याला ज्याला आदल्या दिवशी सांगितलं होतं त्याला त्याला. 'पोराने फसवलं' असं ते एकदाही म्हणाले नाहीत. दर वेळी चूक 'आमची' होती. मागच्या सीटवर यादगिरी खिडकीबाहेर बघत होता आणि रवली त्याच्याकडे बघायचं टाळत होती. करीमनगर येईपर्यंत बस तुडुंब भरली होती आणि सगळ्या बसला माहीत झालं होतं.

संध्याकाळी त्यानेच तिला सांगितलं, आणि तिने 'विद्यार्थी' हा शब्द परत घातला. वर त्याने स्वतःच्या मोडक्या इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या: ही नोकरी नाही, माझ्या लिहिण्यामुळे गैरसमज झाला, क्षमा असावी. त्यात धडा नव्हता. 'चप्पट्लु'मधून कुणी आलं नाही. तिथे काय लिहायचं हे कुणाला ठाऊकच नव्हतं. रवलीने लिहिलं, "वाचलं, अन्ना." तेवढंच राहिलं.

फ्लेक्स कुणी उतरवला नाही. ओदेलू त्याच्याखालून जात-येत राहिले, आणि दसऱ्याच्या सुमारास त्यावर दुसरा लागला.

पुढच्या वर्षी यादगिरी पेद्दापल्लीकडच्या एका तांदळाच्या गिरणीत कामाला लागला. ती जागा त्याला मामाच्या ओळखीने मिळाली.