सोयरीक, नाटक आणि चनाभाजी

चंद्रपूरहून वडशाकडे निघालेल्या गाडीत खिडकी मिळाली म्हणून खूश झाले, पिशवीत हात घातला, तर इसबगोलाचा डबा नाही! भाच्याच्या भद्रावतीच्या क्वार्टरमध्ये ओट्यावरच राहिला. हसा, हसा. ज्याला मूळव्याध झालीय तो हसणार नाही. डॉक्टरांनी दम भरला होता, "चोथा खा, पाणी प्या, कुंथू नका, फार वेळ बसू नका. नाहीतर पुन्हा माझ्या टेबलावर याल." त्या टेबलावर मला मेले तरी जायचं नव्हतं.

आणि निघाले होते कुठे, तर भाच्यासाठी मुलगी बघायला, तेही नाटकाच्या मुक्कामी. वडशाकडच्या या झाडीपट्टीत हिवाळ्यात गावोगाव नाटकं होतात. त्या निमित्तानं पाहुणे बोलावतात आणि सोयरिकी जुळवतात. नाटक रात्रभर चालतं, पाहुणीला पहिल्या रांगेत खुर्ची. म्हणजे रात्रभर बसणं आलं!

सागाचं जंगल मागे पडून कापलेल्या धानाच्या बांध्या (भातखाचरं) लागल्या. वडशाला मुलीचे वडील, भाऊ, मोटारसायकल घेऊन उभे होते. मोठ्या मिशा, चेहरा गंभीर. गावापर्यंत भाऊ अवाक्षर बोलले नाहीत.

घरी पुऱ्या, शिरा, पांढराशुभ्र भात, कोंबडीचा रस्सा, गुलाबजाम. चोथा म्हणावा असं ताटात एक लिंबाची फोड. संध्याकाळी तेच, सकाळी पुन्हा पुऱ्या. माझं पोट गप्प. घरची मंडळी मात्र आत बसून जाड्या तांबूस भाताबरोबर चनाभाजी (हरभऱ्याचा कोवळा पाला) ओरपत होती. लसणाचा वास नाकात शिरत होता. मी भाजी मागितली, तर मुलीच्या आईनं कानाला हात लावला.

"पाहुण्याले पाला वाढतो काय बाई? गावात तोंड दाखवाले जागा राहणार नाई!"

इसबगोल दुकानातून आणावं, तर अख्ख्या गावात बोभाटा.

दुपारी पुन्हा पुऱ्या आल्या. मी ताट सरकवलं. मुलगी, वैशाली, दाराशी पाणी घेऊन आली होती, ती तिथंच थबकली.

"काऊन जेवून नाई राह्यल्या, बाई?" आईच्या डोळ्यांत पाणी. "पोरगी पसंत नाई काय?"

अरे देवा! माझ्या पोटापायी पोरीचं लग्न मोडायला निघालं होतं. मग लाज गुंडाळून ठेवली.

"पोरगी लाखात एक आहे हो! मलाच होत नाही. मूळव्याध आहे. ती भाजी वाढा मला!"

मग मिशांखालून भाऊ हसले, पहिल्यांदाच. "मले बी तेच दुखणं हाये. म्हणून तर मी आत बसून पाला खाऊन राह्यलो!"

वैशालीनं भाजी वाढली आणि बजावलं, "आत्याबाई, थोडी थोडी घ्या. एकदम खाल तर पोट फुगन. पाणी बी प्या."

मी कसली ऐकते! दोन दिवसांचा उपास फेडावा तशी खाल्ली. रात्री नाटकात पोटाचा नगारा झाला. खलनायक गळा फाडून ओरडत होता, त्यावर निभावलं. मध्येमध्ये उठून फेऱ्या मारल्या. लोकांनी अदबीनं वाट दिली, कारण तोवर गावाला सगळं ठाऊक झालं होतं.

सकाळी संडासातून बाहेर आले, तर भाऊ अंगणात ताटकळलेले.

"झालं?"

"झालं!"

आतून साखर आली. शेजारणींना वाटलं, सोयरीक ठरली. मग तीही तिथंच ठरवून टाकली.

परतीच्या गाडीत मांडीवर वाळवलेल्या चनाभाजीचं गाठोडं होतं. घरी रोज थोडी शिजवते, वर तांब्याभर पाणी पिते. डॉक्टरांची आठवणही येत नाही. मानपानात आपण पाहुण्यांची पोटं कशी बिघडवतो, हे कळायला मला इतक्या लांब जावं लागलं.

काल भाऊंचा फोन आला. लग्नाचा स्वयंपाक ठरलाय, पुऱ्या-गुलाबजाम सगळ्यांना.

"पण आपल्या दोघांसाठी चनाभाजीचा वेगळा गंज चुलीवर चढवून राह्यलो, बाई. तयार झाली का मांडवातल्या भोंग्यावरून तुमचं नाव पुकारतो!"

मी म्हटलं, "पुकारा. तुमचंही पुकारा."