प्रॉम्प्टरमामांचा संप

आमच्या दौंडच्या रेल्वे कॉलनीत दरवर्षी एक फार्स व्हायचा, आणि ज्याचं सगळ्यांत जास्त पाठांतर असायचं तो माणूस स्टेजवर कधीच दिसायचा नाही. ते म्हणजे शेजारच्या क्वार्टरमधले मामा. पार्सल ऑफिसात कारकून, जन्माचे अविवाहित आणि नाटकमंडळींचे प्रॉम्प्टर. नायक, सासरा, मोलकरीण, सगळ्यांची वाक्यं त्यांना पाठ. मी विंगेत त्यांच्या पायाशी बसायचे. दाढी चिकटवायच्या डिंकाचा वास आला, की मला आजही तिथं जाऊन बसावंसं वाटतं. साठीला टेकलेल्या बाईनं असं बोलू नये, पण वाटतं ते वाटतंच.

रेल्वेचा तो मोठा संप झाला, त्या वर्षी तालमी फार जोरात चालल्या आणि नाटक मात्र झालंच नाही. कारण मला पुष्कळ वर्षांनी कळलं. तालमीच्या नावाखाली संपवाल्यांच्या बैठका चालायच्या. व्हरांड्यात बूट वाजले की मामा वाक्य पुरवायचे, आणि आत्ता गाड्या कुठं अडवायच्या यावर तावातावानं बोलणारा फिटर गुडघे टेकून सासरेबुवांकडे मुलीचा हात मागायचा. पोलीस म्हणे दारात उभा राहून पोट धरून हसायचा.

आता मी शिरूरला राहते. शाळेतून निवृत्त झाल्यावर इथल्या हौशी मंडळींसाठी विनोदी नाटकं लिहिते. गेल्या वर्षी वाटलं, मामांच्या संपावर लिहावं. एसटीनं दौंडला जाऊन चार वेळा त्यांच्यापुढं वही घेऊन बसले, आणि चारही वेळा वेगळा संप ऐकून आले. एकदा त्यांना हॉलमध्ये पकडलं, एकदा प्लॅटफॉर्मवर. एकदा इन्स्पेक्टरला खोटी दाढी होती. इन्स्पेक्टर जे बोलला, ते तर आमच्या फार्समधल्या सासऱ्याचं दुसऱ्या अंकातलं भाषण होतं. मी मनातल्या मनात टाळ्या पिटल्या. क्रांतीच्या वहीत फार्सची पानं मिसळलेला म्हातारा! आयतं नाटक.

एक जागा मात्र चारही वेळा तशीच्या तशी आली. चौकीत त्यांच्यापुढं कागद ठेवला. कामावर हजर होतो म्हणून सही कर, नाहीतर आत जा आणि क्वार्टर खाली कर. त्यावर मामा म्हणाले, “सही न्हाई करत, साहेब. क्वार्टर खाली करतो. माझी बायको लिंबाखाली दगड मांडून चूल पेटवील, आन् कुनाला दिसंल असं रडायची न्हाई.”

ज्यानं लग्नच केलं नाही, त्याची बायको! परतताना मी एकटीच इतकी हसले, की कंडक्टर वळून बघायला लागला. नाटकातला सगळ्यांत मोठा हशा या वाक्याला, हे मी तिथंच ठरवलं.

नाटक लिहून झालं. प्रयोगाआधी तुरुंगात गेलेला संपकरी म्हणून मामांना शाल-श्रीफळ द्यायचंही ठरलं. आई माझ्याकडेच असते. एका दुपारी ती मेथी निवडत होती, मी तिला नाटक वाचून दाखवत होते. पोलिसाला ती खुदुखुदु हसली. त्या वाक्यापाशी मी हशासाठी थांबले, तर तिचा हात थांबला होता.

ती म्हणाली, “मामांनी सही केली व्हती. आत तुझा बाप गेला.”

वडील गार्ड होते. लाल-हिरव्या झेंड्यांनी जेवढं सांगता येतं, त्याहून जास्त ते घरातही बोलत नसत. त्या दिवसांत ते ट्रेनिंगला सोलापूरला होते, असं मला पक्कं आठवत होतं. आई म्हणाली, ते तुला सांगितलेलं होतं; क्वार्टर खाली करायची वेळ मात्र आली नाही. मामा सही करून दुसऱ्या दिवशी कामावर गेले, पण बाप आत होता तोवर रोज संध्याकाळी आमच्या दाराशी पिठाचा डबा ठेवून जायचे. दार वाजवायची त्यांना लाज वाटायची.

मी भडकले. पीठ दिलं म्हणून माणसाचा तुरुंग घ्यायचा? शाल रद्द करते, नाटक बदलते, मामांना तोंडावर विचारते, असं बरंच काही बोलले. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, आधी मला दौंडला ने.

मामांनी चहा केला. मी तोंड उघडायच्या आत आईनंच त्यांना चौकीतलं सांगायला लावलं. दाढी आली, सासऱ्याचं भाषण आलं. मग मामांची नजर बाजूला गेली, आवाज खाली आला, आणि ते वाक्य आलं. लहानपणी विंगेत बसलेल्या मला तो वाक्य पुरवतानाचा आवाज ओळखीचा होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. प्रॉम्प्टर कधी ‘तो असं म्हणतो’ असं सांगत नाही. तो ‘मी’च म्हणतो, वाक्य कुणाचंही असो. चौकीत सहीच्या रांगेत मामा वडिलांच्या शेजारी उभे होते, आणि ते वाक्य वडिलांचं होतं. स्वतःची सही त्यांना विसरायची होती की खरंच विसरली, ते मला माहीत नाही. माझा राग मात्र गेला, आणि मला वडिलांची फार आठवण आली.

“भावजी, तेवढंच परत सांगा,” आई म्हणाली.

त्यांनी परत सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडं नाही. आईनं पदर डोळ्यांना लावला, तसे मामा घाबरले.

“वहिनी, काय चुकलं का माझं?”

“न्हाई. बराबर हाय.”

परतीच्या एसटीत न्हावरा गाव मागं पडल्यावर मी आईकडे वळले. मी म्हटलं, ते वाक्य काढून टाकते, लोक हसतील त्याला.

“हसू दे,” ती म्हणाली. “ह्यांनी मला कवा तोंडावर चांगलं म्हटलं न्हाई. आता चारचौघांत म्हनू दे.”